नानांची जास्वंद आणि पीटररावांचा मेपल

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे, पण ही गोष्ट आमच्या सासरी कुणी बोलून दाखवत नाही. ठाऊक नाही असं नव्हे. ठाऊक आहे म्हणूनच बोलत नाहीत.

लग्न झालं तेव्हा तसं नव्हतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सासूबाई घरोघर सांगून आल्या होत्या, "सून सायखेड्याची, मळ्यातली, आणि वर बी.एस्सी.! झाडांचं शिकलीय!" (सेकंड क्लास मिळाला होता, ते त्यांनी चातुर्याने गाळलं.) सासरे, म्हणजे नाना, तेवढे गप्प होते. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. जन्मभर हाताखालच्या कारकुनांवर ठेवलेलं लक्ष आता त्यांनी अंगणातल्या एका जास्वंदीवर ठेवलं होतं. "झाडांचं शिकायचं काय असतं?" ते म्हणाले. "झाड लावायचं असतं."

ती जास्वंद होतीच तशी. कुंपणाहून उंच, लालभडक, बाराही महिने फुललेली. कॉलनीतल्या निम्म्या गणपतींना आमची फुलं जात आणि त्यातलं एकही आम्ही दिलेलं नसे! पहाटे कानटोप्या घातलेली भली भली माणसं छत्रीच्या मुठीने फांदी वाकवून फुलं तोडून नेत. (देवासाठी चोरलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे, असं शास्त्र आहे. कुठल्या ग्रंथात, ते विचारू नये.) नाना काठी घेऊन पाळतीवर असत. शिवाय रिकाम्या डालडाच्या डब्यांत ते जास्वंदीच्या काड्या लावत. पानं काढून टाकायची, नुसती हातभर काडी मातीत खोचायची आणि सावलीत ठेवायची. पानं ठेवली तर काडी त्यांनाच पोसत बसते, मुळं धरत नाही, असं ते सांगत. भिंतीलगत त्या डब्यांची रांगच होती.

आता घरातलं दुखणं सांगते. माझी नणंद, शालूवन्सं, शिकायला म्हणून कॅनडात गेल्या आणि पीटर नावाच्या तिकडच्या इंजिनियरशी लग्न करून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून नाना त्यांच्याशी बोलत नव्हते. मी घरात आले तेव्हा त्या गोष्टीला चार वर्षं होत आली होती. मी वन्संना पाहिलं होतं ते फक्त आईंच्या डब्यातल्या फोटोत. (सासूबाईंना मी आई म्हणते. तो फोटो गव्हाच्या डब्यात होता, कारण त्या डब्याला नाना कधी हात लावत नसत.)

ऐंशी सालाच्या आगेमागे, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असताना, वन्संची एक मैत्रीण कॅनडाहून सुट्टीला आली. तिने पिशवीतून ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. आत हातभर रोप, आणि त्याला तीन लाल पानं.

"पीटरने पाठवलंय. मेपल. त्याच्या आईच्या अंगणातलं आहे. म्हणाला, आपल्या घरचं काहीतरी तुमच्या अंगणात असावं."

आईंचे डोळे भरून आले. नानांनी चष्मा लावला.

"फुलं कशी असतात?"

"फुलांचं तसं काही नसतं काका. पानं लाल होतात."

"मग?"

"मग गळतात."

"अस्सं! फूल नाही, फळ नाही. लाल व्हायचं आणि निघून जायचं. जावई शोभतो!"

"अहो, पण अर्धं वर्ष बर्फात उभं असतं ते," आई म्हणाल्या. त्या नानांना सहसा उलट बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या. "तुमची जास्वंद राहील का बर्फात?"

झालं! घराण्याच्या जास्वंदीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. नाना उठून उभे राहिले. "माझी जास्वंद ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, रोज देवाला फूल देते. ते तुमचं झाड थंडी पडली की पानं टाकून झोपणार! ऐका, ज्या दिवशी ते माझ्या अंगणात नवं पान काढील, त्या दिवशी तुमचा पीटर माझ्या उंबऱ्याच्या आत येईल. त्याच्या आधी नाही!"

आणि त्याच क्षणी तीनपैकी एक पान गळून त्यांच्या पायावर पडलं.

नाना शब्दाचे किती पक्के, तर दूधवाला पाणी घालायचं थांबवीपर्यंत दुधाचा चहा पिणार नाही, असं ते एकदा म्हणाले होते. त्यानंतर दोन दूधवाले बदलले. नानांचा चहा अजून कोराच होता.

स्वयंपाकघरात आईंनी माझा हात धरला. "सुमन, माझी लेक दारातून परत गेली तर मला सोसायचं नाही गं. तू शिकलीयस ना झाडांचं? हे जगव." कॉलेजात मी शैवालावर चांगलं लिहिलं होतं. मेपल पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होता आणि ते परीक्षेला येत नसे. पण मी म्हटलं, "आई, तुम्ही निर्धास्त राहा."

जमिनीत जागा द्यायला नाना तयार नव्हते, म्हणून मेपलही डालडाच्या डब्यातच लावला आणि रांगेच्या शेवटी ठेवला. आठवड्याभरात उरलेली पानं गेली. राहिली नुसती काडी. माझं शास्त्र सांगत होतं, झाड झोपलंय, त्याला कडक थंडी मिळाली की ते जागं होईल. थंडी आणायची कुठून? अख्ख्या गल्लीत फ्रीज एकच, शेजारच्या निकमकाकूंचा. मी रोज त्यांच्याकडून बर्फाचे खडे आणून काडीभोवती ठेवू लागले आणि डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलं.

नाना ओट्यावरून बघत असत. "पाहुण्याला सरबत चाललंय का?"

"नाना, हे शास्त्रीय आहे."

"असेल. आमच्या काड्यांना घोटभर ताक पुरतं."

पुढे पौषातली संकष्टी आली. संकष्टीला लाल फुलाला मागणी फार! अजून फटफटलंही नव्हतं, तेवढ्यात नाना ओरडले, "कोण आहे रे?" कुंपणावर छत्रीची मूठ दिसली. नाना काठी उगारून धावले आणि थेट डब्यांच्या रांगेवर आडवे झाले! डबे गडगडले, माती सांडली, काड्या चहूकडे. पलीकडून निकमकाकांचा आवाज आला, "लागलं का हो नाना? मी आपला फिरायला निघालो होतो." (छत्री घेऊन. पौषात!)

नानांना आई आत घेऊन गेल्या, आणि मी घाईघाईने डबे उभे करून अंधारातच एकेक काडी परत मातीत खोचली. सगळ्या काड्या सारख्याच उघड्या, सारख्याच लांबीच्या, सगळ्यांच्या बुडाला चिखलाचा गोळा. पण मी गोंधळले नाही. थंड देशातलं लाकूड टणक असणार, हे उघड आहे. चाचपून बघता एक काडी इतरांपेक्षा टणक लागली. तिला मी गोणपाट गुंडाळलं.

नाना गुडघ्याला हळद लावत दारात आले. "तुझी काडी ओळखलीस ना नीट?"

"नाना," मी जराशी दुखावून म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे."

माघ लागला तरी माझी काडी ढिम्म. मग आईंनी हळूच सांगितलं की वन्संची मैत्रीण परत गेली, तेव्हा तिच्याजवळ त्यांनी निरोप दिला होता: झाडाला पालवी फुटलीय, नानांचा राग गेलाय, तुम्ही या.

"आई! अहो, पालवी कुठंय?"

"तू आहेस ना!" आई म्हणाल्या. "मला वाटलं, ती येईपर्यंत फुटेलच."

त्यातच एक दिवस निकमकाकूंकडे ट्रंककॉल आला, आणि काकूंनी तो कुंपणावरून सगळ्या कॉलनीला ऐकवला. "शालू येतेय हो! जावयाला घेऊन! पाडव्याला सकाळच्या गाडीने!"

नानांनी पेपर खाली केला नाही. पेपरामागून एवढंच आलं, "येऊ देत. झाडाने पान काढलं असेल, तर आत येतील. नाहीतर गावात हॉटेलं आहेत."

आता मात्र मी पेटले. बर्फाचे खडे पुरत नव्हते, म्हणून डबाच उचलला आणि निकमकाकूंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवला. काकू चांगल्या, पण त्यांचेही पाहुणे येत. "परवा ह्यांच्या साहेबांना सरबत द्यायला फ्रीज उघडला, तर पुढे काडी! ते विचारतात, हे काय? मी काय सांगू?"

"झोपलेलं झाड आहे म्हणावं."

"ते म्हणाले, निकम, रजा हवी तर घ्या काही दिवस."

फ्रीजमधून मी काडी आणली तेव्हा ती काळपट पडली होती. आमचे हे एरवी घरच्या भानगडीत पडत नसत. ते काडी वाकवून बघायला गेले, मी किंचाळले. "मेलीय गं ती," ते म्हणाले. "झोपलीय," मी म्हटलं. "मग फार गाढ झोपलीय," असं म्हणून ते ऑफिसला गेले. मी मागच्या दारी जाऊन रडले. झाडासाठी नाही. आई रोज गव्हाचा डबा उघडून फोटो बघत होत्या आणि येताजाता मला विचारत होत्या, "काही हिरवं दिसतंय का गं?"

इकडे नानांच्या काड्या मजेत होत्या. बहुतेक सगळ्यांना पालवी आली, एकच मागे राहिली. नानांचा जीव मात्र नेमका तिच्यावर. तिला सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत, ताक, शेणपाणी. "लाजरी आहे," ते तिच्याशी बोलत. "घरचीच आहेस, घाबरतेस कशाला? येशील सावकाश." हे बोलणं आईंनी एकदा ऐकलं आणि त्या तशाच आत येऊन भांडी आपटू लागल्या. लेकीला यातला एक शब्द पाठवला असता तर!

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी नानांनी मला हाक मारली. लाजऱ्या काडीने दोन कोंब फोडले होते. लालसर, मिटलेल्या छत्रीसारखे चुरगळलेले. "जास्वंदीचा कोंब असा कधी पाहिला नव्हता. काय असेल गं?"

नानांनी मला झाडाविषयी काही विचारायची ही पहिलीच वेळ! मी वाकून निरखलं. दोन्ही कोंब अगदी समोरासमोर. मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "नाना, ही म्यूटेशन आहे. लाखात एखादी होते."

नाना खूश. त्याच आनंदात ते देवळात गेले. ते गेले तशी आईंनी कडी लावली आणि वन्संनी पाठवलेलं जुनं ग्रीटिंग कार्ड माझ्यापुढे टाकलं. त्यावर कॅनडाच्या झेंड्यातलं पान होतं.

"असंच असतं ना मेपलचं पान? मग शिवू या."

"आई! कापडाचं?"

"ह्यांना लांबचं दिसत नाही. हिरवं कापड बघ."

घरात हिरवं कापड एकच निघालं, उद्याच्या गुढीला लावायचा कोरा खण. आईंनी नमस्कार केला आणि कात्री लावली. "देव समजून घेईल. ह्यांचंच अवघड आहे." पान सुरेख झालं. आम्ही ते काळ्या काडीला दोऱ्याने बांधलं आणि भोक पडलेला खण चुण्या घालून दुमडून ठेवला.

पाडव्याला गुढी उभी राहिली. रांगेच्या टोकाला ते खणाचं पान डौलात हलत होतं. टांगा फाटकाशी थांबला. आधी वन्सं उतरल्या. मागून हनुवटीपर्यंत आलेले गुडघे सोडवत पीटरराव. (आई त्यांना पहिल्यापासून पीटररावच म्हणत. जावई तो जावई!) माणूस इतका उंच की गुढी अंमळ बुटकी दिसायला लागली. शेजारी निकमकाका, निकमकाकू आणि कॉलनीतली यच्चयावत मंडळी कुंपणाला लागून उभी.

आई धावल्या. नाना उंबऱ्यात उभे. वन्सं पायरीशी थबकल्या.

"नाना," त्या म्हणाल्या.

"झाड बघू दे," नाना म्हणाले.

"फुटलंय की पान!" आई ओरडल्या. "ते काय तिकडे! लांबूनच छान दिसतं!"

नाना पायरी उतरले. डब्याशी गेले. वाकले. त्यांनी पानाला बोट लावलं, मग चिमटीत धरलं, मग उलटं केलं. उलट्या बाजूला आईंची शिलाई होती. तेवढ्यात वारा सुटला. गुढीच्या खणाच्या चुण्या उलगडल्या आणि त्यातून सकाळचं ऊन थेट नानांच्या चेहऱ्यावर पडलं, मेपलच्या पानाच्या आकाराचं!

नानांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. मग आईंकडे, मग माझ्याकडे.

वन्संनी पिशवी उचलली. "चल पीटर," त्या हळूच म्हणाल्या. आईंनी ओवाळायचं तबक ओट्यावर ठेवलं. इतकं वाईट मला उभ्या जन्मात कधी वाटलं नव्हतं.

पण पीटरराव जागचे हलेनात. त्यांना मराठी कळत नव्हतं, आणि फाटकावरचं तोरण चुकवायला ते मघापासून वाकूनच उभे होते, त्यामुळे त्यांची नजर जमिनीलगत होती. ते एकदम दोन ढांगांत भिंतीपाशी गेले आणि नानांच्या लाजऱ्या काडीपुढे बसले.

"मेपल!" ते म्हणाले. "शालू, मेपल!"

रात्रीत कोंब उलगडले होते. दोन पानं, समोरासमोर, हुबेहूब ग्रीटिंग कार्डातली. जास्वंदीच्या काडीवर पानं आळीपाळीने येतात, समोरासमोर कधीच नाही, हे पुस्तकात पहिल्याच वर्षी आहे! संकष्टीच्या पहाटे मी मेपल नानांच्या रांगेत खोचला होता, आणि नानांच्या जास्वंदीची काडी गोणपाटात घालून, बर्फ लावून, फ्रीजमध्ये ठेवून पद्धतशीर मारली होती. जास्वंद बर्फात राहील का, या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी प्रयोगाने काढलं होतं. राहत नाही.

नाना लाजऱ्या काडीजवळ आले. तिला ताक त्यांनी पाजलं होतं, तिच्याशी ते बोलले होते. बराच वेळ ते त्या दोन पानांकडे बघत राहिले. मग वन्संकडे पाहिलं.

"घरचीच आहेस," ते म्हणाले. "बाहेर काय उभी राहतेस?" आणि आईंवर खेकसले, "ओवाळणार आहात की जावयाला उन्हात वाळवणार?"

वन्सं तिथेच पायरीवर बसून रडल्या. आईंनी ओवाळलं. निकमकाकूंनी कुंपणापलीकडून डोळे पुसले, आणि तेवढ्या गडबडीत निकमकाकांनी दोन फुलं तोडली. (मेपल पुढे वैशाखात गेला. नाशिकचं ऊन त्याला झेपलं नाही. पण तोवर त्याचं काम झालं होतं.)

तरी एक काटा राहिलाच. नानांनी जावयाला घरात घेतलं, पण त्याच्याशी ते बोलेनात. उंबऱ्याच्या आत येईल एवढंच कबूल केलं होतं, बोलण्याचं नव्हतं! जेवताना पीटरराव काही विचारत, वन्सं ते नानांना सांगत, नाना वन्संना उत्तर देत. आई श्रीखंड वाढताना सारख्या नानांकडे बघत होत्या.

शेवटी पीटरराव माझ्याकडे वळले. झाडाची एवढी हकिगत ऐकून त्यांना साहजिकच कुतूहल वाटलं असावं. त्यांनी सरळ इंग्रजीत मलाच विचारलं, तुम्ही कॉलेजात काय शिकलात?

आमच्या ह्यांचा घास तोंडाशी थांबला. मी तोंड उघडणार, तोच नानांनी मान वर केली आणि जावयाच्या डोळ्याला डोळा देऊन, घराण्याची अब्रू एका शब्दात झाकली.

"हिस्ट्री!"

जावयाशी नाना बोलले, तो हा पहिला शब्द. आईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि मी पीटररावांच्या ताटात पुरी वाढत, मान खाली घालून म्हटलं, "येस. हिस्ट्री. सेकंड क्लास."